हजेरीपटातले धक्के

(ओसरी. बाहेर पावसाची झड. मांडीवर उघडी वही, जवळून.)

हा शाळेचा हजेरीपट आहे. निळ्या पुठ्ठ्याचा, उभ्या-आडव्या रकान्यांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत असायचा तसाच. फक्त डावीकडे मुलांची नावं नाहीत. तिथं कोयना धरणातल्या पाण्याची पातळी लिहिलीय, फुटांत. पुढच्या रकान्यांत 'ह' किंवा 'गै'. हजर, गैरहजर.

हजर राहायचं ते भूकंपानं.

पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर राहणारे हे निवृत्त गुरुजी भूकंपाचा अंदाज बांधतात. खरा ठरला तर 'ह', नाही तर 'गै'. चित्रीकरणाला त्यांनी एकच अट घातली, नाव सांगायचं नाही. "लोक दारात येऊन तारीख विचारतात हो. एकानं तर पोरीचं लग्न कधी धरू म्हणून विचारलं."

(वहीचा समास. पेन्सिलीनं लिहिलेली अक्षरं: भां, प, कौ.)

समासातली ही अक्षरं म्हणजे गुरुजींचं मोजमाप. 'भां' म्हणजे मांडणीतली भांडी वाजली. 'प' म्हणजे पत्रा वाजला. 'कौ' म्हणजे कौलं सरकली. त्याच्या वरची पायरी वहीत नाही. "त्याच्या वरचं लिहायला मी बसलेलो असणार नाही," असं म्हणून ते हसतात.

हे हसण्यावारी नेऊ नका. रिश्टरचा आकडा भूकंप केवढा ते सांगतो. तो तुमच्या गावात किती जाणवला, हे मोजायला जगभर मर्काली नावाची वेगळी मोजपट्टी वापरतात. टांगलेल्या वस्तू झुलल्या का, भांडी वाजली का, भिंतीला भेग गेली का, असल्याच गोष्टींवर ती उभी आहे. गुरुजींनी मर्कालीचं नाव ऐकलेलं नव्हतं. भांडी मात्र घरातच होती.

(शिवसागर जलाशय, ड्रोनमधून. मग धरणाची भिंत.)

कोयनेत पाणी साठायला लागलं १९६२ च्या सुमारास. धक्के तेव्हापासूनचे. आधी गुरगुर ऐकू यायची, जमिनीखालून ट्रक गेल्यासारखी, आणि पाठोपाठ हिसका. ही पद्धत आजही तशीच आहे. भूकंपाची पहिली लाट वेगानं येते, पण हलवते थोडंच. तिचा काही भाग हवेत आवाज होऊन उतरतो. हलवणारी लाट तिच्या मागून. इथले भूकंप फार खोल नसतात आणि गावं थेट डोक्यावर, म्हणून दोन्हींमध्ये जेमतेम एखाद-दोन सेकंद. कोयनेच्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या बायका आवाजासरशी चूल सोडून दारात येतात, त्या याच एका सेकंदाच्या भरवशावर.

कुत्र्यांचं कोडंही निदान काही अंशी इथंच सुटतं. कुत्रं आधी भुंकलं, म्हैस आधी दावं ओढायला लागली, असं प्रत्येक घरात सांगतात. आपल्या पायांना न कळलेली पहिली लाट त्यांना कळत असेल, तर त्यात जादू काही नाही. पण तो इशारा सेकंदांचा. आदल्या रात्री कुत्रं रडलं आणि सकाळी धक्का बसला, ही गोष्ट निराळी. कुत्री रोजच रडतात. धक्का बसला नाही त्या रात्रीचं रडणं कुणाच्या लक्षात राहत नाही.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं. निवेदन थांबतं. मग:)

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. रिश्टर ६.३. सुमारे १८० माणसं गेली. कोयनानगरात धड घर शोधावं लागत होतं. गुरुजी तेव्हा तिसरीत होते.

(पुन्हा ओसरी. गुरुजी वहीची पानं उलटतात.)

वही मात्र त्यांनी सुरू केली किल्लारी झाल्यावर.

(जुन्या किल्लारीची जागा. बाभळी, दगडांचे ढीग. वारा.)

कारण किल्लारीला लोकांना कळलं होतं. ऑगस्ट १९९२ पासून त्या भागात बारीक धक्के बसत होते. त्यातला १८ ऑक्टोबरचा तर चांगलाच मोठा. माणसं अंगणात झोपायला लागली, तक्रारी केल्या. मराठवाड्याचा हा पट्टा तेव्हाच्या नकाशात भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता. १९९३ च्या मार्चनंतर धक्के थांबले. थांबले म्हणजे गेले, असं सगळ्यांनीच धरलं, आणि माणसं पुन्हा दगडमातीच्या जाड भिंतींत, माळवदाखाली झोपायला गेली. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. जवळपास दहा हजार.

"त्यांचा अंदाज चुकला नव्हता," गुरुजी म्हणतात. "त्यांच्याकडं वही नव्हती."

हे वाक्य आम्ही तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा ठेवून द्यावंसं वाटलं. पण ते अर्धंच खरं आहे. वही असती, तरी पुढं काय येणार हे तिनं सांगितलं नसतं. बारीक धक्क्यांची रांग लागते आणि विरून जाते, असंच बहुतेक ठिकाणी होतं. मोठ्या धक्क्याआधीची रांग कोणती आणि नुसतीच रांग कोणती, ते आधी ओळखायची खूण अजून सापडलेली नाही.

(कोयनेच्या सांडव्याचे दरवाजे. पाणी.)

मग गुरुजी अंदाज बांधतात तरी कशावर? पाण्यावर. रोज सकाळी वर्तमानपत्रातून धरणाची पातळी उतरवून घ्यायची. २१६३ फूट म्हणजे धरण काठोकाठ. पावसाळ्यात पातळी झरझर चढली, की समासात एक टिंब. मग त्यांचं ठरलेलं वाक्य, "घागर भरली, आता दिवाळीपर्यंत भांडी वाजणार."

आणि भांडी वाजतात. गंमत अशी, की हाच धागा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ अनेक दशकं धरून आहेत. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की इथं पावसाळ्यात पाणी चढल्यावर धक्के वाढतात आणि उन्हाळ्याकडे पाणी उतरताना पुन्हा वाढतात. पातळी आठवड्याला १२ मीटर, म्हणजे चाळीस फुटांच्या वेगानं चढली, किंवा आधीच्या सगळ्या वर्षांची उंची ओलांडून गेली, तर मोठ्या धक्क्याची शक्यता अधिक. पाण्याचं नुसतं ओझं हे कारण नव्हे. पाणी भेगांतून खाली झिरपतं, खोलवरच्या खडकात दाब वाढवतं, आणि आधीच ताणून बसलेली भेग सरकते. ताण धरणानं आणलेला नाही. तो होताच. पाण्यानं फक्त कडी काढली.

वारणेतही तसंच. १९८५ च्या सुमारास तिथं पाणी अडवायला सुरुवात झाली, आणि १९९३ पासून धक्के चांदोलीच्या बाजूलाही वाढले. वीस बाय तीस किलोमीटरच्या या एवढ्याशा तुकड्यात आजवर पाचच्या वरचे वीसहून अधिक भूकंप झालेत. चारच्या वरचे, सुमारे दोनशे.

(कराड. प्रयोगशाळा. लांबट पेट्यांत ओळीनं मांडलेली दगडाची नळकांडी. कॅमेरा हळू सरकतो.)

हे दृश्य घाईनं दाखवण्यासारखं नाही. कराडजवळच्या या प्रयोगशाळेत सह्याद्री कापून ठेवलाय. हा काळा कुळकुळीत थर, मग हा तांबूस, भोकाभोकांचा, मग पुन्हा काळा. एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोट. काळा दगड घट्ट, वरचा भोकाभोकांचा. लाव्हातला वायू वर येऊन बुडबुड्यासारखा अडकला, ती ही भोकं. कोयनेच्या खोऱ्यात हे थर एकावर एक साचून हजार मीटरच्या पुढं गेलेत. गोठणे गावाजवळ २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटरनंतर काळा पाषाण संपला आणि खाली लागला फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक. भूकंप होतात ते याच खडकात, आणखी खोल. भेग सरकते तिथंच उपकरणं नेऊन बसवायची, हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू.

दर मोठ्या धक्क्यानंतर कुणीतरी हमखास म्हणतं, आता ज्वालामुखी फुटणार. त्यांनी या पेट्या बघाव्यात. ज्वालामुखी फुटून गेला. साडेसहा कोटी वर्षं झाली. ज्या भेगांतून तो आला, त्या कधीच गोठल्या. कोकणातल्या उन्हवऱ्याच्या, तुरळच्या गरम पाण्याकडे बोट दाखवलं जातं, पण खोल उतरलेलं पाणी तापून वर येतं, त्याला लाव्हा लागत नाही. भारतातला जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

(संगणकाच्या पडद्यावर धावणारी रेघ.)

अंदाज शास्त्रज्ञांनीही केलाय. २००५ पासून इथले बारीक धक्के त्याच वेळी हैदराबादला दिसायला लागले. चारच्या आसपासच्या धक्क्याआधी काही दिवस बारीक धक्के एका जागी गोळा होतात, असं त्यांच्या लक्षात आलं. १६ मे २००६ ला त्यांनी लिहून ठेवलं: पंधरा दिवसांत, चारच्या आसपास. २१ मेला ४.२ चा धक्का बसला.

गुरुजींना ही तारीख पाठ आहे. वर्गातला पहिला नंबर सांगावा तशी सांगतात.

(मोबाइलचा पडदा. एकामागून एक पुढे ढकललेले संदेश. अक्षरं पुसट केलेली.)

आणि हे दुसऱ्या जातीचे अंदाज. 'आज रात्री अडीच ते साडेचार.' 'नासाने इशारा दिला आहे.' 'घराबाहेर झोपा, दहा जणांना पाठवा.' गुरुजी चष्मा वर करून वाचतात आणि शाळेत विचारावं तसं विचारतात: कुठं, कधी, केवढा? तिन्हींचं उत्तर असेल तर अंदाज. "हा बघा, घड्याळ सांगतोय, गाव सांगत नाही. शून्य गुण."

साध्या माणसांच्या नोंदींवरून अंदाज बांधण्याचा जगातला सगळ्यात मोठा प्रयोग चीननं केला. शेतकरी, शिक्षक, शाळकरी पोरं, अशा हौशी माणसांना विहिरीचं पाणी आणि जनावरं बघत राहायला सांगितलं होतं. १९७४-७५ च्या हिवाळ्यात हायचेंगच्या बाजूला ऐन थंडीत साप बिळातून बाहेर येऊन बर्फात मरून पडले. पण लोकांना घराबाहेर काढायला खरं कारण झालं ते शेवटच्या दिवसातल्या शेकडो बारीक धक्क्यांचं. ४ फेब्रुवारीला ७.३ चा भूकंप आला, तेव्हा पुष्कळ माणसं उघड्यावर होती आणि वाचली. पुढच्याच वर्षी तांगशान. तिथं अशी बारीक धक्क्यांची रांग आलीच नाही. दोन लाख बेचाळीस हजार माणसं गेली.

(गुरुजींचं पान. लाल शाई.)

आम्ही उघडलेल्या पानावर लाल शाई जास्त आहे. 'गै, गै, गै, ह, गै.' बाजूला आकडा, पाणी किती होतं. हा माणूस आम्हाला आवडला तो यासाठी. भविष्य सांगणारे खूप भेटले, पण चुकलेला अंदाज शाईनं लिहिणारा हा एकच. आणि 'ह' लागला म्हणून तो हुरळतही नाही. कोयनेत बारीक धक्के इतके बसतात, की 'पंधरा दिवसांत भांडी वाजतील' हे कुणीही सांगावं आणि बऱ्याचदा बरोबर यावं. म्हणून 'भां' चे गुण त्यांनी काही वर्षांपूर्वी स्वतःच रद्द केले. आता फक्त 'कौ' मोजतात.

वहीची झेरॉक्स त्यांनी एका कार्यालयात दिली होती. पोचपावती मिळाली. ती वहीतच चिकटवलीय, तारखेसह. मग नातवानं त्यांना राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर धक्का जाणवल्याची नोंद करायला शिकवलं. आता धक्का बसला, की आधी चष्मा, मग मोबाइल, मग हजेरीपट. बायको म्हणते, "आधी दारात तर या."

(चहा. पाऊस थांबलेला. सगळी टीम ओसरीवर.)

शेवटच्या दिवशी आमच्या कॅमेरामननं पैज लावली. पुढच्या महिन्याची अमावस्या, कोयनानगर, चारच्या वर. गुरुजींनी तिन्ही उत्तरं ऐकून घेतली, मान डोलावली, आणि हजेरीपटात पाण्याच्या पातळीखाली त्याचं नाव लिहिलं. आडनाव आधी, शाळेत लिहितात तसं.

(रकाना. जवळून. कोरा.)