कमोडची सीट डुगडुगतेय? बोल्ट गेला तरी चालेल, भांडं वाचवा

(हातात गंजलेला बोल्ट, कॅमेऱ्याजवळ धरून)

हा बोल्ट बघा. काल आईच्या घरच्या कमोडमधून निघालाय, तब्बल दीड तासाच्या झटापटीनंतर. हे डोकं, आणि खाली हा जो तपकिरी गोळा दिसतोय ना, तो नट आहे. ओळखू येत नाही, मान्य.

आई म्हणत होती, "अरे, सीट बसल्यावर डावीकडे सरकते." मी दोन महिने ऐकून सोडून दिलं. मग एक दिवस मीच बसलो आणि सीटसकट कलंडता कलंडता वाचलो. सत्तरीतल्या माणसाच्या बाबतीत ही गंमत नाही, म्हणून लगेच पाना-पक्कड घेतली.

आता बहुतेक जण काय करतात? बोल्टवरचं छोटं झाकण उचकटून स्क्रू ड्रायव्हरने बोल्टचं डोकं फिरवत बसतात. बोल्ट गरगर फिरतो, सीट तशीच ढिली. कारण खालचा नटही त्याच्याबरोबर फिरतोय. तुमच्या कमोडला भांड्याच्या मागच्या कडेखाली हात जात असेल, तर खरं काम तिथे आहे. भिंतीवर टांगलेल्या कमोडमध्ये खाली हात जातोच असं नाही. तिथे बहुधा रबराचा बूच असतो, वरून आवळला की भोकात फुगून घट्ट बसतो. तिथे वरूनच फिरवायचं.

खाली डोकं घालून बघायची गरज नाही. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून फोन भांड्याच्या खाली धरा, नट स्क्रीनवर दिसेल. प्लॅस्टिकचा, दोन पंखांचा असेल तर हातानेच सुटतो. धातूचा असेल तर पाना लागेल.

आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. दिशा!

(पाण्याची बाटली उलटी धरून)

बाटली उलटी धरा आणि टोपण उघडा. वरून बघितलं तर हात कुठे फिरला? देवळात प्रदक्षिणा घालतो, त्या दिशेने. कमोडखालचा नटही तसाच सुटतो. तुम्ही वरून वाकून काम करताय आणि नट खाली आहे, म्हणून नेहमीची सवय उलटी पडते. मी पहिली दहा मिनिटं नट सोडवत नव्हतो, आवळत होतो. आई दारात उभी राहून बघत होती, बोलली काही नाही.

आता अडकलेल्या नटाचं. नटावर पांढरा खरखरीत थर असेल तर ते बोअरच्या पाण्याचे क्षार. जुन्या फडक्याची पट्टी व्हिनेगरमध्ये भिजवून नटाभोवती गुंडाळा, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा, रात्रभर राहू द्या. लाल गंज असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारा, अर्धा तास थांबा, पुन्हा मारा. स्प्रे मारून लगेच जोर लावला तर त्याचा उपयोग नाही, त्याला आट्यांमध्ये शिरायला वेळ द्या.

गंज जाईल म्हणून टॉयलेट क्लीनर मात्र ओतू नका. त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. बोल्टला मुळात गंज चढण्यात त्याचाही हात असतो. आपण कडेने गोल फिरवून टाकतो आणि बिजागरीवर शिंतोडे तसेच राहतात. आणि अ‍ॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर तर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

हातोडी नको. उकळतं पाणीही नको. चिनी माती आहे, तडा गेला की भांडंच बदलायचं, म्हणजे फरशी फोडणं आलं. त्यापेक्षा बोल्ट कापा.

(हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं दाखवत)

नुसतं पातं घ्या, मूठ नको, तिथे मावत नाही. एका टोकाला फडकं गुंडाळा, नाहीतर बोट कापून घ्याल. भांड्यावर चिकटपट्टीचे तीन-चार थर लावा, म्हणजे चरे पडणार नाहीत. आता बिजागरी आणि भांडं यांच्या मधल्या फटीत पातं आडवं घाला आणि सावकाश घासा. प्लॅस्टिकचा बोल्ट दोन मिनिटांत तुटतो. स्टीलचा असेल तर चहा मागवा.

जुने तुकडे फेकू नका, हार्डवेअरच्या दुकानात सोबत न्या. दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतरही मोजून न्या. "कमोडच्या सीट कव्हरचे बोल्ट" म्हटलं की दुकानदाराला कळतं. शक्यतो प्लॅस्टिकचे किंवा चांगल्या स्टीलचे घ्या, आणि रबरी वायसर आहेत का बघा. आईच्या सीटला एका बाजूचा वायसर नव्हताच. जेट स्प्रे वापरताना रोज एका कुशीवर कलायचं, धातू थेट चिनी मातीवर घासायचा, दुसरं काय होणार?

बसवताना वायसर वर, वायसर खाली. आधी दोन्ही नट हाताने लावा, सीट मधोमध आणा, मग आवळा. हाताने घट्ट, वर पान्याने पाव फेरा, बस. जास्त पिळलं तर एकतर आटे जातात, नाहीतर भांडं. बोल्ट घट्ट होऊनही सीट हलत असेल तर बिजागरीची पिन झिजली आहे, तेव्हा बिजागरी नाहीतर पूर्ण सीटच बदला. आणि सॉफ्ट क्लोज, म्हणजे आपोआप सावकाश मिटणारी, सीट हाताने दाबून खाली आपटू नका, तिचा वेग आवरणारा डँपर त्यानेच मरतो.

रबर दबून बसलं की आठवडाभरात सगळं किंचित ढिलं पडतं, तेव्हा एकदा पुन्हा पाव फेरा द्यायचा. आईकडे रविवारी जातोय, पाना गाडीतच ठेवलाय.