उजव्या क्लिकमागचा मेनू

(कुडाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ओपनबॉक्स, फ्लक्सबॉक्स, आइसडब्ल्यूएम, जेडब्ल्यूएम ही नावं इथे थोड्यांनाच ठाऊक असतील. हे लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवरचे विंडो मॅनेजर. खिडक्यांना चौकट द्यायची, त्या हलवायच्या, लहानमोठ्या करायच्या, एवढंच यांचं काम. ग्नोम किंवा केडीई या पूर्ण डेस्कटॉपसारखा अख्खा संसार ते सोबत आणत नाहीत, म्हणून तर २ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावरही सुखाने चालतात. आपल्याकडच्या शाळांत, वाचनालयांत अशी यंत्रं पुष्कळ आहेत.

अडचण मेनूची. ओपनबॉक्समध्ये मोकळ्या पडद्यावर उजवी क्लिक केली की मेनू उघडतो, पण त्यात काय दिसायचं ते एका एक्सएमएल फाइलीत, म्हणजे ठराविक खुणा घालून लिहिलेल्या मजकुरात, असतं. तुम्ही नवा प्रोग्रॅम टाकलात, फाइलीला पत्ता नाही. जुना काढलात, नाव तसंच लोंबकळत राहतं. मालवणातल्या खानावळीत दारातल्या फळ्यावर खडूने लिहितात: आज सुरमई, आज बांगडा. सकाळी लिलावात जे मिळालं तेच फळ्यावर. छापील कार्डावर मात्र पापलेट बाराही महिने, अगदी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हासुद्धा. ओपनबॉक्सच्या फाइलीत हाताने लिहिलेला मेनू म्हणजे ते छापील कार्ड.

फळा रोज लिहायला लागणारी माहिती तुमच्या यंत्रात आधीच पडून आहे. २००० साली फ्रीडेस्कटॉप नावाचा प्रकल्प सुरू झाला. निरनिराळ्या डेस्कटॉपनी निदान काही गोष्टी एकाच पद्धतीने कराव्यात, हा त्याचा हेतू. त्यातून डॉट-डेस्कटॉप फाइल रुळली. मेनूत यायचा जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम आपली अशी एक छोटी फाइल ‘यूएसआर’मधल्या ‘शेअर’मधल्या ‘ॲप्लिकेशन्स’ या फोल्डरमध्ये ठेवतो. तिच्यात ‘नेम’ म्हणजे नाव, ‘एक्झेक’ म्हणजे चालवायची आज्ञा, ‘आयकॉन’, आणि ‘कॅटेगरीज’ म्हणजे हा ऑफिसचा, शिक्षणाचा की खेळाचा. साधा मजकूर, कोणीही उघडून वाचावा. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराची त्याआधीपासून स्वतःची वेगळी मेनू-पद्धत होती. दोन्ही बरीच वर्षं शेजारी शेजारी नांदल्या, आणि २०१५ मध्ये त्यांच्या तांत्रिक समितीने ठरवलं की ज्या पॅकेजात, म्हणजे प्रोग्रॅम टाकण्यासाठीच्या गठ्ठ्यात, डेस्कटॉप फाइल आहे त्याने जुन्या पद्धतीची फाइल देऊ नये. बरं झालं, असं माझं मत.

मग या फाइली वाचायच्या, वर्गवारी लावायची आणि आपल्या विंडो मॅनेजरला कळेल अशा रूपात लिहून काढायच्या. ओबीमेनू-जनरेटर, एक्सडीजीमेनूमेकर, आइसडब्ल्यूएमसोबत येणारं आइसडब्ल्यूएम-मेनू-एफडीओ, सगळी साधनं हेच करतात. एका दुपारी तुम्हीही अशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहाल. ती चालेलही. पण खरी मेख बारीक ओळींत असते.

‘एक्झेक’च्या ओळीत शेवटी पुष्कळदा टक्क्याचं चिन्ह आणि ‘यू’ किंवा ‘एफ’ हे अक्षर असतं. तिथे फाइलचा पत्ता भरायचा असतो. मेनूतून प्रोग्रॅम उघडताना पत्ता नसतोच, तेव्हा ते काढून टाकावं लागतं. नाहीतर बिचारा प्रोग्रॅम त्याच नावाची फाइल शोधत बसतो. ‘टर्मिनल’समोर ‘ट्रू’ असेल तर आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे अक्षरी आज्ञांच्या खिडकीत, गुंडाळून द्यायची. हे विसरलात तर एचटॉपवर, म्हणजे यंत्रात काय चाललंय ते टर्मिनलमध्ये दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, क्लिक करून काहीच दिसत नाही, आणि माणूस पुन्हा पुन्हा क्लिक करत राहतो. ‘नोडिस्प्ले’ खरं असेल तर ती नोंद मेनूत घ्यायची नाही. ‘ओन्लीशोइन’ म्हणजे ठराविक डेस्कटॉपपुरतंच दाखवा. ‘ट्रायएक्झेक’मध्ये दिलेला प्रोग्रॅम यंत्रात सापडलाच नाही तर नोंद गाळायची. आणि नावात ॲम्परसँड (‘&’ हे चिन्ह) आला तर एक्सएमएलसाठी तो बदलून लिहायचा. एवढ्या एका चिन्हापायी सगळी फाइल अवैध होते. मेनू बनवणाऱ्या स्क्रिप्टची लायकी मी ती काय गाळते यावरून जोखतो. दाखवायला काय, सगळेच दाखवतात.

आता मेनू बनवायचा कधी? ओपनबॉक्समध्ये पाइप मेनूची सोय आहे: मेनू उघडताना स्क्रिप्ट चालते आणि ती जे एक्सएमएल देईल तेच दिसतं. ताजं खरं, पण जुन्या हार्ड डिस्कवर पहिल्या वेळी शे-दीडशे फाइली वाचेपर्यंत मेनू अडखळतो. दुसऱ्यांदा त्या फाइली मेमरीत असतात, म्हणून पटकन येतो. माझी पसंती दुसऱ्या वाटेला. एपीटी किंवा पॅकमन या पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या साधनांना हुक लावायचा, म्हणजे त्या वेळी आपली स्क्रिप्ट आपोआप चालेल अशी सोय करायची, आणि मेनू तेव्हाच एकदा लिहून ठेवायचा. प्रोग्रॅम काही तासातासाला बदलत नाहीत.

मघाशी चहाच्या वेळी वाचनालयातल्या एका ताईंनी विचारलं, “ह्यां सगळां मराठीत दिसतलां काय?” दिसेल की. डेस्कटॉप फाइलीत ‘नेम’च्या पुढे चौकटी कंसात भाषेचा संकेत घालून त्या त्या भाषेतली नावं लिहिता येतात. आपला संकेत ‘एमआर’. कितीतरी प्रोग्रॅमांची नावं, निदान वर्णनं, कोणीतरी कधीच मराठीत करून ठेवली आहेत. घाईत लिहिलेली स्क्रिप्ट फक्त पहिली ‘नेम’ची ओळ उचलते आणि ती मेहनत वाया जाते. आधी मराठी ओळ शोधा, नसेल तरच इंग्रजी घ्या.

तरी एक अडथळा उरतो, आणि त्यासाठीच मी ओपनबॉक्सची शिफारस करतो. तो अक्षरं पँगो या अक्षरजुळणीच्या साधनामार्फत मांडतो, त्यामुळे जोडाक्षरं नीट जुळतात. फ्लक्सबॉक्समध्ये ती सोय नाही. तिथे ‘शिक्षण’ लिहिलंत तर वेलांटी ‘श’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘क्ष’ फुटतो. मुलांसमोर असा मेनू ठेवण्यापेक्षा इंग्रजी परवडला.

तुमच्या सोयीच्या नोंदीही यातच बसतात. होम फोल्डरमध्ये ‘डॉट-लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘ॲप्लिकेशन्स’. तिथे एक फाइल करा. नाव ‘सातबारा’, आज्ञा एक्सडीजी-ओपन (दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडणारी) आणि पुढे महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या संकेतस्थळाचा पत्ता, वर्ग ऑफिस. स्क्रिप्ट चालवा, ओपनबॉक्सला रीकन्फिगर करायला, म्हणजे फाइल पुन्हा वाचायला, सांगा, नोंद मेनूत आली. एखादी नकोशी नोंद झाकायची तर तिची फाइल याच फोल्डरमध्ये त्याच नावाने ठेवा आणि आत ‘नोडिस्प्ले’ खरं करा. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या तर घरची चालते. हुकाला मात्र या फोल्डरमधले बदल कळत नाहीत, तेव्हा इथे हात लावलात की स्क्रिप्ट स्वतः चालवायची. आता कोणाचा लॅपटॉप सोबत असेल तर पुढे आणा, सातबाराची फाइल इथेच करून बघू.