कचऱ्याखालचं पाणी

[दृश्य : ठाणे खाडीकडून दिसणारा देवनारचा ढीग]

१९२७ पासून मुंबईचा कचरा इथे येतोय. जानेवारी २०१६ मध्ये ढीग पेटला, तेव्हा शहराने धूर पाहिला. कचऱ्याखाली काय चाललंय, ते मात्र वरून दिसत नाही.

पायथ्याशी साचलेलं हे काळं पाणी म्हणजे लिचेट. पाऊस कचऱ्यातून झिरपतो आणि अमोनिया, क्षार, धातू घेऊन खाली उतरतो. जुन्या ढिगाखाली अस्तर नाही. हे पाणी कुठे पोचलं, हे कळायला निरीक्षण विहिरी लागतात.

[दृश्य : बोअरचं रिग]

आधी भराव निघतो, मग खाडीचा गाळ, मुरूम आणि शेवटी काळा कातळ. कातळात पाणी भेगांतून पळतं. भेग चुकली, तर ढिगाला खेटून घेतलेली विहीरही स्वच्छ पाणी दाखवेल. म्हणून आधी त्रिकोणात तीन बोअर घेऊन एकाच वेळी पातळी मोजायची, म्हणजे पाण्याचा उतार कळतो. इथे भरती-ओहोटीने पातळी हलते, त्यामुळे एकदा मोजून भागत नाही. मग एक विहीर वरच्या अंगाला, बाकीच्या उताराकडे. उथळ वेगळ्या, खोल वेगळ्या.

[दृश्य : पाइप, जवळून]

विहिरीत उतरवायच्या या पाइपच्या चिरा नखाच्या जाडीएवढ्या बारीक आहेत. भोवती धुतलेली बारीक खडी, तिच्यावर बेंटोनाइट या चिकणमातीच्या गोळ्या. पाणी लागलं की त्या फुगतात आणि वरचं गटाराचं पाणी आत उतरू देत नाहीत. नमुना घेण्याआधी साचलेलं पाणी उपसायचं, क्षारतेचा आकडा स्थिर होईपर्यंत.

आता मुंबईची खरी अडचण. खाडीकाठचं भूजल मुळातच खारट, त्यामुळे नुसत्या क्लोराइडवरून, म्हणजे मिठाच्या अंशावरून, कचऱ्यावर बोट ठेवता येत नाही. तुलनेसाठी खाडीकाठचीच, पण ढिगापासून लांबची आणखी एक विहीर हवीच. खर्च वाढतो म्हणून नेमकी हीच गाळली जाते, असं होता कामा नये.

[दृश्य : कुंपण, पलीकडे वस्ती]

२०१६ च्या घनकचरा नियमांनी हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासायला सांगितलं. रिग जिथे सहज पोचेल तिथे विहीर घेतली, तर कागद पूर्ण होईल, दूषित पाणी सापडणार नाही. पलीकडे शिवाजीनगर आहे, बैंगनवाडी आहे, खाडीत मासेमारी चालते.

जुना कचरा उपसण्याआधीच या विहिरी हव्यात आणि तिन्ही ऋतूंचे आकडे हातात हवेत. उपसा सुरू झाल्यावर आधीचं पाणी कसं होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.