अभ्यासिकेतलं नेट कुठे अडकतं?

(दृश्य: पुणे, सदाशिव पेठ. संध्याकाळ. जिन्याखाली चपलांचा ढीग, भिंतीवर एकाखाली एक लावलेल्या अभ्यासिकांच्या पाट्या.)

निवेदन:
एमपीएससी, यूपीएससी, बँकिंग, पोलीस भरती, तलाठी. या गल्लीत कुठल्याही जिन्यानं वर गेलात तरी परीक्षेची तयारी करणारं कुणीतरी भेटतंच. टेबल, खुर्ची, दिवा, पंखा, पिण्याचं पाणी आणि वायफाय, सगळं महिन्याच्या फीमध्ये. पंखा कुरकुरला तर मुलं चालवून घेतात. वायफाय अडलं की मात्र पाच मिनिटांत काकांच्या टेबलाशी घोळका जमतो.

काका म्हणजे अभ्यासिकेचे मालक. त्यांची तक्रार साधी आहे. सकाळी सहाला नेट झकास चालतं. संध्याकाळी सातला तीच लाइन, तोच राउटर, आणि लेक्चरचा व्हिडिओ नुसता गोल फिरत बसतो.

काकांनी दोन उपाय करून पाहिले. पहिला सगळ्या महाराष्ट्राचा आवडता: राउटर बंद-चालू करणे. दहा मिनिटं नेट सुरळीत चालायचं, मग परत तेच. दहा मिनिटं तरी का चालायचं, याचं कारण गमतीचं आहे. बंद-चालू केलं की सगळे फोन तुटतात, मागं चाललेली कामं थांबतात, आणि सगळ्यांना परत जोडून घ्यायला वेळ लागतो. राउटर बरा होत नाही, फक्त गिऱ्हाईक थोडा वेळ पांगतं.

दुसरा उपाय खर्चाचा. काकांनी १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा केला. बिल वाढलं, संध्याकाळ होती तशीच राहिली.

(दृश्य: नेटवर्कचं काम करणारा तरुण जिना चढून येतो. पाठीवर सॅक, हातात पिवळी केबल.)

काका: आता काय, तीनशेचा घेऊ का?
तंत्रज्ञ: काका, प्लॅनला आत्ता हात लावू नका. आधी गर्दी नक्की कुठे होतेय ते बघू.

निवेदन:
नेट अडण्याच्या जागा चार. फोनपासून वायफायच्या डब्यापर्यंतची हवा. राउटर. आणि राउटरपासून बाहेर जाणारी लाइन. चौथी जागा पार पलीकडे, जी साइट उघडायची तिच्या दारात. स्पीड टेस्ट पहिल्या तीन जागांचा मिळून एकच आकडा देते, म्हणून बिघाड शोधायला ती फारशी कामाची नाही. शिवाय प्रत्येक टेस्ट काही सेकंद लाइन गच्च भरून टाकते. नेट मंद झालं की तीस मुलं एकदम स्पीड टेस्ट लावतात, आणि होती नव्हती ती वाटही बुजते.

हा पोरगा स्पीड टेस्ट लावत नाही. तो लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडतो आणि दोन खिडक्या उघडतो. एकीत राउटरला पिंग, दुसरीत बाहेरच्या जगाला. पिंग म्हणजे माहितीचं एक छोटं पाकीट पाठवायचं आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते मोजायचं.

(क्लोज-अप: लॅपटॉपचा पडदा. आकडे खालून वर सरकतात.)

राउटरचं उत्तर: १, १, १, १. बाहेरचं उत्तर: १५, १६, १४. आणि मग बघा: ३८०. ६४०. ८१०. परत ७९०. केबलवर राउटर जागच्या जागी बोलतोय, बाहेर जाणारं पाकीट मात्र पाऊण सेकंद कुठेतरी बसून राहतंय.

आता केबल काढून वायफायवरून राउटरलाच पिंग. ३, ५, १८०, ४, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. म्हणजे हवेतही गर्दी आहे. दुखणी दोन, आणि एकाच वेळी.

आधी लाइनचं बघू.

प्लॅन २०० चा, हे खरं. पण तो आकडा डाउनलोडचा. अपलोड होतं २०. शंभरचे दोनशे झाले तेव्हाही अपलोड वीसच राहिलं होतं. अनेक फायबर प्लॅनमध्ये दोन्ही आकडे सारखे असतात, इथं नव्हते, आणि बिलावर हे कुणी वाचलं नव्हतं.

आता अभ्यासिकेत अपलोड कोण करणार? तर सगळेच. ही मुलं दिवसभर एकमेकांच्या वह्यांचे फोटो काढतात. चालू घडामोडींच्या नोट्स, मित्राची राज्यघटनेची वही, क्लासमधला फळा. एकेक फोटो तीन-चार एमबीचा. फोनमधला फोटो बॅकअप वायफायची वाट बघत बसलेला असतो. संध्याकाळी मुलगा येतो, फोन चार्जिंगला लावतो, पुस्तक उघडतो. इकडं त्याचा फोन निमूटपणे शंभर फोटो वर पाठवायला सुरुवात करतो. असे ऐंशी फोन.

वीसची वाट भरली की उरलेली पाकिटं राउटरच्या किंवा फायबरच्या डब्याच्या मेमरीत साठतात. बनवणाऱ्यांनी ही मेमरी उदारपणे दिलेली असते, एकही पाकीट वाया जाऊ नये म्हणून. हिशेब करा: दोन एमबी, म्हणजे सोळा मेगाबिट, साठले, तर २० एमबीपीएसनं ते रिकामे व्हायला ८०० मिलिसेकंद लागतात. पडद्यावरचा ८१० चा आकडा आला तो इथून.

आणि अपलोड अडलं की डाउनलोडही अडतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्हिडिओचा तुकडा पोचला की फोननं ‘मिळाला’ अशी पोच पाठवायची असते. ती पोच जाते अपलोडच्या वाटेनं. फोटोंच्या मागं ती अडकली की पलीकडचा सर्व्हर पुढचे तुकडे पाठवायला कचरतो. दोनशेची लाइन रिकामी पडलेली असते, आणि व्हिडिओ गोल फिरत असतो.

(दृश्य: १९८० च्या दशकातील संगणक कक्षाचं संग्रहित छायाचित्र.)

गर्दीनं नेटवर्क गुडघ्यावर येण्याचा हा प्रकार जुना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधला वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून चक्क ४० बिटांवर आला. दोन ठिकाणांमधलं अंतर अवघं ४०० यार्ड. पाकीट हरवलं की यंत्रं तेच परत पाठवत, त्यानं गर्दी वाढे, आणखी पाकिटं हरवत. त्या प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्यावर जो तोडगा काढला, त्यात पाठवणाऱ्यानं हळू सुरुवात करायची आणि गर्दी दिसली की आपणच मागं सरायचं. आजही तुमचा फोन या घराण्यातल्याच नियमांनी वागतो. पण गर्दी कळते कशावरून? मुख्यतः पाकीट गळालं यावरून. मोठ्या मेमरीचे डबे पाकीट गळूच देत नाहीत, म्हणून पाठवणाऱ्याला वेळेवर कळतच नाही. डब्यांचा उदारपणा असा अंगाशी येतो. पुढं २०१२ मध्ये जेकबसन यांनीच कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर यावर ‘कोडेल’ ही पद्धत मांडली: पाकीट किती वेळ बसून आहे ते बघायचं, आणि फार वेळ झाला तर गाळायचं.

(दृश्य: राउटरची सेटिंग. तंत्रज्ञाचं बोट ‘एसक्यूएम’, म्हणजे पाकिटांची रांग सांभाळणाऱ्या सोयीच्या ओळीवर.)

कोडेलचीच सुधारलेली आवृत्ती, ‘एफक्यू-कोडेल’, आज अनेक बऱ्या राउटरांत असते आणि बहुतेक वेळा बंद असते. आपला तंत्रज्ञ ती चालू करतो. अपलोडची मर्यादा २० ऐवजी १८ लिहितो, डाउनलोडची १८०.

काका: म्हणजे मी पैसे दोनशेचे भरतो आणि तू एकशे ऐंशीच देणार?
तंत्रज्ञ: काका, दोनशेतल्या त्या वीसवर पाणी सोडलं तर साठा आपल्या राउटरमध्ये होतो. म्हणजे आधी कुणाला सोडायचं ते आपण ठरवतो. नाहीतर तो कंपनीच्या डब्यात होतो, तिथं आपलं कुणी ऐकत नाही.

(क्लोज-अप: पिंगचे आकडे. ७६०, ४१०, ९०, २४, १९, २२.)

निवेदन:
फोटो अजूनही वर जातायत. प्रत्येकाची पाकिटं आता वेगळी ठेवली जातात, आणि व्हिडिओची इवलीशी पोच फोटोंच्या गठ्ठ्यामागं अडकत नाही.

आता हवा. हे काम जास्त किचकट, आणि माझ्या मते वायफायच्या निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका वाटेवर, साधारणपणे एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया. म्हणजे वाटून घ्यायची गोष्ट आहे ती वेळ. १५०० बाइटचं एक पाकीट १ एमबीपीएसनं पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात. तेच ५४ नं पाठवलं तर पाव मिलिसेकंदही लागत नाही. कोपऱ्यात, दोन भिंतींपलीकडे बसलेला जुना फोन हळू बोलतो, आणि तेवढा वेळ राउटरशेजारचा नवा लॅपटॉपसुद्धा गप्प बसतो. एसटी स्टँडच्या खिडकीवर पुढचा माणूस खिशातली चिल्लर मोजत असेल, तर मागच्यांनी सुटे पैसे हातात धरून काय उपयोग?

इथं छताला तीन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे, होते. तिन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर, तिन्ही सहा नंबरच्या चॅनेलवर, तिन्ही पूर्ण ताकदीवर. लावणाऱ्यानं खोक्यातून काढून तसेच टांगले होते. शिवाय प्रत्येकावर वायफायची चार नावं: विद्यार्थ्यांचं, ऑफिसचं, पाहुण्यांचं आणि कॅमेऱ्याचं. प्रत्येक नाव सेकंदाला दहा वेळा ‘मी इथं आहे’ म्हणून पुकारतं, तेही सगळ्यात हळू वेगात. एक पुकारा साधारण दोन मिलिसेकंदांचा. बारा नावं, दहा पुकारे, दोन मिलिसेकंद: सेकंदातले २४० मिलिसेकंद नुसत्या हाकाट्यांत गेले. अजून एकाही मुलानं फोन उघडलेला नाही.

भर म्हणून गल्लीतल्या बाकीच्या अभ्यासिका. २.४ गिगाहर्ट्झला आपल्याकडे २००५ पासून परवाना लागत नाही. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. पेठेतल्या एका इमारतीत एवढ्यावर किती जण भागवणार?

(दृश्य: स्टुलावर चढून तंत्रज्ञ एक ॲक्सेस पॉइंट हलवतो. खाली मुलं टेबलं सरकवून जागा करून देतात.)

त्यानं तीन डब्यांना १, ६ आणि ११ अशी चॅनेल वाटून दिली, चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली, चारातली दोन नावं काढली. सगळ्यात हळूचे जुने वेग बंद केले, त्यामुळे पुकाराही लवकर आटोपतो आणि लांबचा फोन जवळच्या डब्याकडे वळतो. मग ताकद कमी केली. काकांना हे काही केल्या पटेना. पण डबा जेवढा जोरात ओरडतो तेवढ्या लांबचे फोन त्याला चिकटून राहतात, आणि फोनला तेवढ्याच जोरात उत्तर देता येत नाही. शेवटी ५ गिगाहर्ट्झ चालू केलं. तिथं चॅनेल भरपूर, फक्त भिंत पार करायला ते कच्चं. एकाच मोठ्या हॉलमध्ये मात्र ते उत्तम.

मग प्रत्येकाला मर्यादा. यूट्यूबवर ४८० ला सुमारे १.१ एमबीपीएस लागतात, १०८० ला सुमारे ५. ऐंशी जणांनी ४८० वर लेक्चर बघितलं तर ८८ एमबीपीएस. १०८० वर बघितलं तर ४००. मोकळं सोडलं तर व्हिडिओ मिळेल तेवढं ओढतो, फळ्यावरचा खडू स्वच्छ दिसण्यासाठी त्याची गरज नसली तरी. म्हणून माणशी दोन एमबीपीएस. काही अभ्यासिका यूट्यूबच बंद करतात. मला तो शुद्ध वेडेपणा वाटतो. मुलांचे निम्मे क्लास आज तिथंच भरतात.

एक तक्रार उरली होती: काही फोन जोडलेच जायचे नाहीत. त्याचा वेगाशी संबंध नव्हता. राउटरकडे वाटायला आयपी ॲड्रेस (जोडलेल्या प्रत्येक फोनला मिळणारा नंबर) अडीचशेच, प्रत्येक दिवसभरासाठी दिलेला, आणि सकाळी येऊन गेलेली मुलंही ते अडवून बसलेली. मुदत दोन तासांवर आणली, संपलं.

(दृश्य: मुंबई सेंट्रल स्थानक, फलाटावर फोन बघणारे प्रवासी.)

प्रत्येक मंद वायफायला गर्दीच कारण असते असंही नाही. जानेवारी २०१६ मध्ये गूगल आणि रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीचं मोफत वायफाय पहिल्यांदा सुरू झालं ते मुंबई सेंट्रलला. गूगल पुढं बाजूला झालं. रेलटेलनं २०२१ मध्ये पैसे भरून घ्यायचे प्लॅन आणले तेव्हा रोजचा पहिला अर्धा तास मोफत ठेवला, १ एमबीपीएसनं. हा वेग ठरवून बांधलेला असतो. ओळखायची खूण: बांधलेला वेग एका आकड्याशी येऊन थांबतो आणि तिथंच राहतो. गर्दीतला वेग वरखाली नाचतो.

(दृश्य: पुन्हा अभ्यासिका. मुलं एकदम उठून उभी. कुजबुज.)

मुलगी: काका, नेट गेलं! निकाल उघडत नाहीये!

निवेदन:
आज एका परीक्षेचा निकाल आहे. काका सवयीनं राउटरच्या बटणाकडे हात नेतात. तंत्रज्ञ फोनवर आहे, तो आधी पिंग बघायला सांगतो. बाहेरचा आकडा १८. व्हिडिओ चालतायत. तो म्हणतो, मोबाइल डेटावर उघडून बघा. तिथंही साइट उघडत नाही.

तंत्रज्ञ (फोनवरून): काका, आता आपल्याकडे करण्यासारखं काही नाही. बटण दाबू नका, आणि मुलांना म्हणावं पान सारखं रिफ्रेश करू नका.
काका: ते कोण ऐकणार, बाबा!