केस कोरडेच

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय कामाच्या व्यसनाबद्दल. दारूचं व्यसन घरातले लपवतात. हे मात्र कौतुकानं सांगतात, ‘आमच्याकडे रविवारीसुद्धा काम चालू असतं हो!’

आमच्या भाऊजींचंच सांगते. सगळे मिळून चार दिवस बाहेर गेलो होतो. लॅपटॉप घरी ठेवायचा आणि फोन पिशवीत, ही ताईची अट. भाऊजी लगेच ‘हो’ म्हणाले, तेव्हाच शंका यायला हवी होती. पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी चारदा. आतून नळाचा धो धो आवाज, अर्धा-अर्धा तास. आई म्हणाली, ‘जावईबापूंना उष्णता झालेली दिसतेय.’ तिसऱ्या दिवशी भाऊजी खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले. ताईनं बघितलं, पाय ओले, केस कोरडे. टॉवेलची तर घडीसुद्धा मोडलेली नव्हती! ती तडक आत गेली. बादली भरून वाहतेय, आणि साबणाच्या डबीवर फोन, त्यात अर्धवट लिहिलेलं ईमेल. विषय काय, तर पुढच्या महिन्यातली मीटिंग. भाऊजी म्हणतात, ‘अगं, फक्त बघत होतो.’

आणि पाणी किती वाया गेलं! नळ सोडून दात घासणाऱ्यांवर तर मी एकदा वेगळं भाषण देणार आहे. असो.

तर हे ‘फक्त’ ऐकलंत ना? ‘फक्त एकच पेग’ म्हणतात, त्यातलंच. ‘वर्कोहोलिक’ हा शब्दसुद्धा अल्कोहोलिकवरूनच बेतलेला. वेन ओट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७१ साली पुस्तक लिहून तो रुळवला. त्यांच्याच लहान मुलानं म्हणे त्यांना भेटायला अपॉइंटमेंट मागितली होती.

मग हे मोजायचं कसं? घड्याळानं नाही. पुन्हा सांगते, तासांवरून हे कळत नाही. पोटासाठी बारा तास राबणारा माणूस व्यसनी नव्हे. काम थांबवलं की जीव कासावीस होतो का, ते बघायचं. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये सात प्रश्नांची एक मोजपट्टी काढली. ठरवल्यापेक्षा जास्त वेळ काम होतं का, अपराधीपणा किंवा उदासी विसरायला काम करता का, कमी करा म्हटलेलं कानाआड करता का, काम करू दिलं नाही तर अस्वस्थ होता का, छंद, व्यायाम मागे पडलेत का, असं सगळं. गेल्या वर्षभराचं आठवून उत्तर द्यायचं, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत. सातांपैकी चारांना ‘बऱ्याचदा’ किंवा ‘नेहमी’ आलं तर सावध व्हायचं. किती? सातांपैकी चार.

गोम अशी, की उत्तरं ज्याची त्यानंच द्यायची. भाऊजींनी सातही ठिकाणी ‘क्वचित’ लिहिलं. ताईनं दुसऱ्या कागदावर त्यांच्या वतीनं लिहिलं, सहा वेळा ‘नेहमी’. भाऊजींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा लावला आणि म्हणाले, ‘दे इकडे, रात्री बसून याचा नीट तक्ता करतो.’