जे.जे. ते जे.जे. : उपचारात कलेची जागा

मुंबईत जे.जे. रुग्णालयापाशी सुरू होणारा उड्डाणपूल महंमद अली रस्त्यावरून जातो आणि दक्षिणेला जे.जे. कलाशाळेच्या आसपास उतरतो. या पुलावरून रोज हजारो माणसे जातात. पण त्याच्या दोन टोकांजवळच्या या दोन्ही संस्था एकाच माणसाच्या दानातून उभ्या राहिल्या, हे त्यांतल्या फार थोड्यांच्या मनात येत असेल. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेले रुग्णालय आणि त्याच्या आवारातले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले, तर त्यांनीच दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड रुग्ण तपासत, कुष्ठरोगावर औषध शोधत, आणि विष्णुदास भावे यांची नाटक मंडळी १८५३ मध्ये सांगलीहून मुंबईस आली तेव्हा तिच्या पाठीशी तेच उभे राहिले. त्या पिढीला वैद्यक आणि कला या दोन गोष्टी परस्परांपासून फार दूरच्या वाटत नसाव्यात.

पुढेही महाराष्ट्रात डॉक्टर आणि कलावंत एकाच देहात नांदले. कान-नाक-घशाचे शल्यविशारद डॉ. श्रीराम लागू, बालरोगतज्ज्ञ डॉ. जब्बार पटेल, मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे ही नावे आपल्याला घरातल्या माणसांसारखी ओळखीची आहेत. तरीही आज मी या व्यक्तींविषयी बोलणार नाही. डॉक्टरने संध्याकाळी नाटक करावे ही एक गोष्ट झाली. सकाळी अकरा वाजता, राउंड चालू असताना, वॉर्डात कला उपचाराचा भाग म्हणून हजर असावी ही अगदी वेगळी गोष्ट आहे. मला या दुसऱ्या गोष्टीसाठी तुमचा वेळ हवा आहे.

तीसएक वर्षांपूर्वी, मी नुकताच शिकवू लागलो होतो तेव्हा, माझ्या वॉर्डात साठी ओलांडलेले एक वारकरी गृहस्थ दाखल होते. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा खंडित होऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. समोरच्याचे बोलणे त्यांना बरेचसे कळे, पण स्वतःचे नावही सांगता येत नसे. तोंडातून एकच अक्षर पुन्हा पुन्हा निघे आणि डोळ्यांत पाणी येई. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांची सून मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मामंजी बोलत नाहीत, पण पहाटे काकड्याच्या वेळेला अभंग म्हणतात. सगळे शब्द नीट येतात." मी तिला सांगितले की हे पाठांतर आहे, आपोआप येते, त्याला बोलणे म्हणता येत नाही, आणि पुढच्या खाटेकडे वळलो. मी सांगितले ते चूक नव्हते, पण ते सांगून थांबणे ही माझी मोठी चूक होती आणि ती मला आजही बोचते.

वाचा गेलेला माणूस गाऊ शकतो, ही नोंद अठराव्या शतकात स्वीडनमध्ये झालेली आहे. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये डाव्या मेंदूच्या पुढच्या भागाचा आणि वाणीचा संबंध दाखवला, त्याच्याही शंभराहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट. पण या निरीक्षणातून उपचार घडायला १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बॉस्टनमधल्या मार्टिन आल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी एक पद्धत मांडली. तिचे तत्त्व ऐकायला सोपे आहे. रोजच्या गरजेचे एक लहानसे वाक्य घ्यायचे, समजा 'पाणी हवं'. ते दोनच सुरांत, एक वरचा आणि एक खालचा, सावकाश गायचे; गाताना प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका द्यायचा. आधी उपचारक आणि रुग्ण बरोबर गातात, मग उपचारक मध्येच गप्प होतो, मग रुग्ण एकटा म्हणतो, मग प्रश्नाचे उत्तर म्हणून तेच वाक्य म्हणतो. वाक्ये लांबत जातात, सूर हळूहळू सपाट होत जातात आणि शेवटी गाणे गळून बोलणे उरते. हे रोज करावे लागते, आठवडेच्या आठवडे करावे लागते. यात खरे काम कोण करते, सूर की ठेका, की रोजच्या वापरातल्या वाक्यांची सवय, यावर संशोधकांत अजून वाद आहे. सर्वांनाच त्याचा गुण येतो असेही नाही. ज्यांची समज शाबूत आहे आणि उच्चार अडला आहे, अशांसाठी ही पद्धत मुख्यतः आहे.

आता त्या वारकरी गृहस्थांकडे परत पाहा. सत्तर-पंचाहत्तर अभंग पाठ असलेला, जन्मभर टाळाच्या ठेक्यावर शब्द टाकत आलेला माणूस माझ्यासमोर होता, त्याचा डावा हात शाबूत होता आणि शेजारी त्याच्याबरोबर गाऊ शकणारी सून बसलेली होती. पद्धत तेव्हा वीस वर्षांची जुनी होती. नुसते अभंग म्हणवून घेतले असते तर त्यांची वाचा परत आली असती, असे मी म्हणत नाही. पाठ असलेले गाणे आणि नवे वाक्य यांत अंतर असतेच. पण त्या अंतरावर पूल बांधायची साधने खाटेपाशी होती आणि मी ती ओळखली नाहीत, कारण मला शिकवताना गाणे हे करमणुकीच्या खात्यात टाकलेले होते.

पार्किन्सन्सच्या आजारात हेच वेगळ्या तऱ्हेने दिसते. या आजारात डोपामीन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचाल सुरू करण्याचा, तिची लय राखण्याचा शरीराचा आतला हिशेब बिघडतो. चालता चालता माणूस दारात खिळल्यासारखा थांबतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात. पण जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या किंवा बाहेरून ठेका दिला, तर तोच पाय पुष्कळदा उचलला जातो. आतली लय अडते तेव्हा बाहेरची लय उसनी घेता येते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ साली तिथल्या पार्किन्सन्स गटाच्या पुढाकाराने मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेत या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू झाले आणि तिथून ते देशोदेशी पसरले. आपल्या पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी हे काम आस्थेने केले आहे. या वर्गांत नर्तक शिकवतो आणि समोरचा माणूस त्या तासापुरता रुग्ण नसतो, नृत्य शिकणारा असतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. व्यायाम म्हणून हात वर करायला सांगितला तर तो खांद्यापर्यंत जातो. पक्षी उडवायचा आहे असे सांगितले तर तोच हात डोक्याच्या वर गेलेला मी पाहिला आहे. आजार यामुळे थांबत नाही, गोळ्या सुटत नाहीत, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

कलेची गरज डॉक्टरांनाही आहे. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आयर्विन ब्रेव्हरमन यांच्या लक्षात आले की विद्यार्थी रुग्णाकडे पाहण्याआधीच निदानाकडे धावतात. त्यांनी येलच्याच कलासंग्रहालयातल्या लिंडा फ्रीडलेंडर यांच्यासह विद्यार्थ्यांना चित्रांसमोर उभे केले. अनोळखी चित्र बराच वेळ पाहायचे, मग जे दिसले तेवढेच सांगायचे, अर्थ नंतर. असे शिकलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे रोग्यांच्या छायाचित्रांतले बारकावे इतरांपेक्षा अधिक टिपले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. जे.जे. रुग्णालयापासून भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय फार लांब नाही. आपल्याकडे २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी स्वतंत्र तास आले, ऐच्छिक विषयांसाठीही सवड झाली. ही सवड चित्रांसमोर खर्च करायला कोणाची परवानगी मागायला नको.

आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी कुष्ठमुक्त आणि अपंग माणसांचा 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला, त्याचा उल्लेख मला केलाच पाहिजे. कुष्ठाचे जंतू औषधाने मरतात, पण ज्या हाताला समाज शिवत नाही त्या हाताकडे त्याच समाजाने तिकीट काढून पाहावे, ऐकावे आणि टाळ्या वाजवाव्यात, हे कुठल्याही गोळीच्या आवाक्यातले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, म्हणजे पुराव्याचा अगदीच तुटवडा आहे असे आता म्हणता येणार नाही. या अभ्यासांचा दर्जा मात्र सारखा नाही. अनेक लहान आहेत, अनेकांत तुलनेचा गटच नाही, आणि कला आवडते म्हणून आपण पुराव्याला सवलत देऊ लागलो तर कलेचेच नुकसान होईल. वाचेसाठी गाणे ज्या काटेकोरपणे बेतले, तो काटेकोरपणा इतरत्रही हवा: कोणत्या रुग्णाला, कोणती कला, आठवड्यातून किती वेळा, आणि काय सुधारले हे कसे मोजणार.

खरी अडचण पुढेच आहे. एका रुग्णालयात मी वाचा गेलेल्या रुग्णांच्या समूहगायनासाठी दर मंगळवारी एक तास एक खोली मागितली होती. वर्धापनदिनाला गाण्याचा कार्यक्रम जरूर करा, असे उत्तर आले. मंगळवारची खोली मिळाली नाही. वर्षातून एकदा पुष्पगुच्छ घेऊन येणारी कला रुग्णाच्या कामाची नाही. फिजिओथेरपीला जसे टेबल, वेळापत्रक आणि पगारी माणूस आहे, तसे तिलाही हवे. केसपेपरवर तिची नोंद हवी, आणि गाणारा-नाचणारा माणूस उपचारकांच्या बैठकीत खुर्चीवर बसलेला हवा.

तुमच्यापैकी काहींनी घरातल्या अर्धांगवायूच्या रुग्णाबद्दल चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. त्यांना आजच सांगतो. आधी स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या. गिळण्याचा त्रास आहे का, समज किती आहे, हे त्यांना पाहू द्या. गाऊन बोलण्याची ही पद्धत योग्य आहे असे त्यांनी सांगितले, तर त्यांच्याकडून शिकून घरी सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ बसा. रुग्णाचा डावा हात आपल्या हातात घ्या आणि ज्या शब्दाची त्याला सगळ्यात जास्त गरज पडते, तो शब्द आधी निवडा. तो पाणीच असेल असे नाही. एका आजोबांनी नातीचे नाव निवडले होते, आणि त्या तीन अक्षरांना त्यांना सात आठवडे लागले.