खोडावरचा सुरवंट (लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : झाडाचं खोड. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

या चौकटीत सुरवंट किती आहेत, मोजून पाहा. साल तपकिरी, तिच्यावर शेवाळाचे हिरवट डाग, आणि सुरवंटांचा रंगही तसाच. दिवसभर ते असे एकमेकांना खेटून खोडावर पडून असतात. रात्री वर चढतात, पानं खातात आणि पुन्हा खाली येतात. माणसाला हेच महागात पडतं. फळं तोडणारा आधाराला हात टेकतो तो खोडावर, झाडावर चढणारं पोर मिठी मारतं ती खोडाला. अंगात विष किती गेलं हे किती सुरवंट हाताखाली आले त्यावर ठरतं, आणि इथे एका तळहाताखाली आठ-दहा सहज येतात.

याचं नाव लोनोमिया ओब्लिक्वा. मुक्काम ब्राझीलच्या दक्षिण भागात : रिओ ग्रांदे दो सुल, सांता कातारिना, पाराना ही राज्यं. तिथले लोक याला तातुराना म्हणतात. जगातले बहुतेक सुरवंट निरुपद्रवी असतात. काहींनी खाज सुटते, काहींनी कळवळायला होतं, पण दुखणं बहुधा कातडीपुरतं राहतं. हा मात्र रक्तात शिरतो.

[दृश्य : एकच सुरवंट, भिंगातून.]

पूर्ण वाढलेला सुरवंट 6 ते 7 सेंटीमीटर लांब असतो. पाठीवर, डोक्यापासून थोडं मागे, इंग्रजी यू अक्षरासारखा पांढरा डाग आहे. ओळखायला तो उपयोगी पडतो. आता काटे बघा. प्रत्येक काटा म्हणजे नखाएवढं पाइनचं झाड : मधे दांडा, बाजूंना फांद्या, प्रत्येक फांदीला टोक. काटा आतून पोकळ आहे आणि विष त्या पोकळीत असतं. टोकाच्या जरा खाली एक कमकुवत जागा असते. कातडीला टेकताच टोक तिथे मोडतं आणि आतला द्रव जखमेत उतरतो. सुरवंटाला काही करावं लागत नाही, दाब आपणच देतो. वाढताना तो कात टाकतो. त्या कातेलाही काटे असतात, म्हणून रिकामी कातसुद्धा उघड्या हाताने उचलायची नाही.

हात लागताच आग होते, जागा लाल होऊन सुजते. पुढे डोकं दुखतं, मळमळतं. बरेच जण इथेच थांबतात : सुरवंट चावला, उतरेल. मग काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, अंगावर काळेनिळे डाग उठतात. उपचार लांबला तर मूत्रपिंडं निकामी होतात, मेंदूत रक्तस्राव होतो, माणूस दगावतो.

[दृश्य : काचेची नळी, भिंतीवरचं घड्याळ.]

हे विष मुळात रक्त पातळ करणारं नाही, उलट गोठवणारं आहे. त्यातलं लोपॅप हे प्रथिन रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनचं थेट थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारा पदार्थ, करतं आणि लोसॅक नावाचं दुसरं गोठण्याच्या साखळीतला दहावा घटक जागा करतं. शरीरभर बारीक बारीक गुठळ्या होऊ लागतात आणि त्यांत फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी ज्यापासून बनते ते रक्तातलं प्रथिन, खर्ची पडतं. साठा संपला की खरी जखम बुजवायला काही उरत नाही. म्हणून इथे रक्त किंवा ताजा प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव) चढवणं अंगलट येऊ शकतं. विष अजून फिरत असताना नवं फायब्रिनोजेन दिलं, तर त्याला आणखी कच्चा माल मिळतो. आधी विष अडवायचं.

विषाचं काम सुरू झालंय का, हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. काचेच्या नळीत 1 मिलीलीटर रक्त घ्यायचं, नळी 37 अंशांच्या पाण्यात ठेवायची, पाच मिनिटांनंतर दर मिनिटाला ती तिरकी करून पाहायची. रक्त नळीत वाहायचं थांबलं की वेळ लिहायची. नऊ मिनिटांपर्यंत गोठलं तर ठीक. दहा ते तीस मिनिटं लागली तर गोठण्याची क्रिया मंदावली आहे. तीस मिनिटांनंतरही वाहतंच असेल तर रक्त गोठतच नाही. पहिली नळी ठीक आली म्हणून घरी पाठवायचं नसतं. विषाला वेळ लागतो, म्हणून चाचणी पुन्हा पुन्हा करतात.

1989च्या सुमारास रिओ ग्रांदे दो सुलमधल्या पासो फुंदो भागातून असे रुग्ण येऊ लागले तेव्हा डॉक्टरांच्या हातात औषध नव्हतं. सापाचं प्रतिविष इथे चालत नाही, ते दुसऱ्याच विषासाठी बनवलेलं असतं.

[दृश्य : प्रयोगशाळा. ट्रे, चिमटा, कात्री.]

औषध पुढे साओ पाउलोच्या बुतांतान इन्स्टिट्यूट या लसी आणि प्रतिविषं बनवणाऱ्या संस्थेने तयार केलं, 1990च्या दशकाच्या मध्यात. जगात ते आजही तिथेच बनतं. आणि त्याची सुरुवात होते या ट्रेपासून. दक्षिणेतून आलेले जिवंत सुरवंट आधी थंडीने सुस्त करतात. मग चिमट्याने धरून एकेक काटा बुडाशी कात्रीने कापतात. हातात जाड मोजे, आणि काम सावकाश, कारण घाईत काटा मोडला तर विष टेबलावर सांडतं. जमलेले काटे थंडगार मिठाच्या द्रावणात वाटतात आणि तो लगदा सेंट्रिफ्यूज या यंत्रात गरागरा फिरवतात. काट्यांचा चोथा तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी म्हणजे विषाचा अर्क. प्रत्येक टप्प्यावर थंडावा सांभाळावा लागतो. विष म्हणजे प्रथिनं. गरम झालं की बिघडतं, आणि बिघडलेल्या विषाविरुद्ध बनवलेलं औषध खऱ्या विषापुढे लंगडं पडतं.

[दृश्य : कुरण, घोडे.]

हा अर्क घोड्याला टोचतात, आजारी पडणार नाही इतक्याच मात्रेत, ठरावीक दिवसांच्या अंतराने. घोड्याचं शरीर विषाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे विषाला धरणारी प्रथिनं, तयार करतं. ती पुरेशी झाली की मानेच्या शिरेतून रक्त घेतात, प्लाझ्मा वेगळा काढतात आणि लाल पेशी त्याच घोड्याला परत चढवतात, त्यामुळे त्याला अशक्तपणा येत नाही. प्लाझ्मावर पेप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या पाचक रसाची क्रिया करतात. पेप्सिन प्रतिपिंडाचा मागचा भाग तोडतं आणि विषाला धरणारे दोन हात शिल्लक ठेवतं. ॲलर्जीचा धोका त्यामुळे कमी होतो. पुढे शुद्धीकरण, गाळणं, चाचण्या, आणि मग ही 10 मिलीलीटरची बाटली. साठवण 2 ते 8 अंशांत, गोठवायची नाही.

मात्रा रक्तावरून ठरते. सूज आणि आग आहे, पण रक्त वेळेत गोठतंय, तर प्रतिविष देत नाहीत, फक्त लक्ष ठेवतात. गोठणं बिघडलं की 5 बाटल्या. आत कुठे रक्तस्राव होऊन जिवावर बेतलं तर 10. मुलाला कमी आणि मोठ्याला जास्त असा हिशेब नाही, कारण अडवायचं असतं ते विष, आणि मूल लहान म्हणून अंगात गेलेलं विष कमी होत नाही. प्रतिविष शिरेतून देतात, ॲलर्जीवरची औषधं जवळ ठेवून. हे हाताशी आल्यापासून मृत्यू बरेच घटले.

[दृश्य : बाग, फळझाडं.]

हा मूळचा जंगलातला किडा. सेद्रो हे त्याचं आवडतं झाड, आपल्या कडुनिंबाच्याच कुळातलं. जंगल तुटलं, सेद्रो कमी झाले, तसा तो पीच, प्लम, ॲव्होकॅडोवर आला. त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या माश्या आणि गांधीलमाश्या, त्याला शोषणारा ढेकणाच्या जातीचा किडा, त्याला मारणारा विषाणू, या सगळ्यांनी जंगलात त्याला आवरून धरलं होतं. बागेत ती फौज अपुरी पडते.

दिसला की रॉकेल टाकून पेटवायचा, ही पहिली ऊर्मी असते. तसं करू नका. जाळलेल्या घोळक्यातून औषधाचा एक थेंबही निघत नाही. झाडाला दोरी बांधून माणसं लांब ठेवा आणि आरोग्य खात्याच्या प्रशिक्षित लोकांना बोलवा. ते लांब चिमट्याने सुरवंट उचलतात, हवा खेळती राहील अशा डब्यात त्याच झाडाच्या डहाळ्यांसह भरतात आणि जिवंत पाठवतात. पाहायचं ते मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल, खोडाच्या खालच्या भागात. झाडाखाली गोल काळी लीद पडलेली दिसली तर खोडाला हात लावण्याआधी नीट निरखा.

हात लागलाच, तर जागा चोळू नका. वाहत्या थंड पाण्याने धुवा, वर थंड घडी ठेवा. चिरा पाडणं, दोरी आवळणं, तोंडाने ओढणं, यातलं काहीही नको. ॲस्पिरिन अजिबात घेऊ नका, तिने रक्तस्राव वाढतो. लांबूनच सुरवंटाचा फोटो काढा आणि रक्त यायची वाट न पाहता दवाखाना गाठा. तिथे आधी तीन गोष्टी सांगा : हात किती वाजता लागला, अंदाजे किती सुरवंट होते, आणि झाड कोणतं.